‘डॉक्टरच म्हणायचं!’

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि फोन वाजला. गुहागरहून माझी मावसबहीण. नेहमी आधी पावसापाण्याच्या गोष्टी करणारी बाई, त्या दिवशी एकदम म्हणाली, "ताई, पाटल्या गहाण टाकू का गं?"

मी गॅस बंद केला आणि स्टुलावर टेकले.

झालं होतं असं. तिची लेक यंदा बारावी सायन्स झाली. गोठ्यातच वाढलेली पोर. घरी दोन म्हशी, एक गाय, चार शेळ्या. आजारी रेडकाला बाटलीने दूध पाजायला रात्री दोनला न सांगता उठणारी. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं, पण ‘नीट’मध्ये गुण कमी पडले. निकालानंतर चार दिवसांत कुणा एजंटाचा फोन आला. परराज्यात एक खाजगी संस्था आहे, तिथे ‘अ‍ॅनिमल सायन्स अँड मॅनेजमेंट’ अशी तीन वर्षांची पदवी आहे, नीटबिट काही लागत नाही. फी वर्षाला दीड लाख, हॉस्टेल वेगळं. माझ्या बहिणीने विचारलं, "पण पोरगी डॉक्टर होईल ना?" तर तो म्हणाला, "डॉक्टरच म्हणायचं हो! गावात कोण सर्टिफिकेट बघायला येतंय?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मी बी.ए. झालेली, तेही मराठी घेऊन. बेडकाचं डिसेक्शन म्हटलं तरी मला शहारा येतो. पण आमच्या महिला मंडळाच्या अभ्यासिकेत दरवर्षी दहावी-बारावीची मुलं असतात आणि त्यांच्या आया माझ्याकडे असलेच प्रश्न घेऊन येतात. फरक इतकाच की या वेळी पाटल्या माझ्या मावशीच्या होत्या. बहिणीला म्हटलं, "दोन दिवस थांब. एक रुपया भरू नकोस. मी चौकशी करते."

चौकशीला कुठे जायचं हे मला शोधावं लागलं नाही. चिंचपोकळीहून गाडीत बसलं की करी रोड, मग परळ. चालतही जाता येतं, लालबाग आणि भारतमाता टॉकीजवरून. परळला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं की कुणीही रस्ता दाखवतो. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांच्या पत्नीचं नाव त्याला दिलंय. याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. देशातल्या अगदी जुन्या कॉलेजांपैकी हे एक. आमचे सासरे गिरणीत होते. ते सांगायचे, ट्रामच्या काळापासून या भागातली जखमी जनावरं इथेच यायची. गाडीचे बैल, व्हिक्टोरियाचे घोडे. व्हिक्टोरियांवर उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी घातली. आता फाटकाशी रिक्षातून, टॅक्सीतून कुत्री-मांजरं जास्त उतरतात, मालक त्यांना तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून.

कॉलेजच्या मुली अॅप्रन घालून बाहेर पडत होत्या. मुलीच जास्त दिसल्या मला. एकीला थांबवलं. मराठवाड्यातली, बाप कोरडवाहू शेतकरी. तिला एजंटाची सगळी कथा सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, एकच विचारा त्यांना. कोर्स संपल्यावर कौन्सिलमध्ये नाव नोंदवता येतं का?"

सगळ्या गोष्टीची किल्ली या एका प्रश्नात आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा आहे. त्याप्रमाणे जनावरांवर उपचार करणारी, औषध लिहून देणारी, शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती मान्यताप्राप्त पशुवैद्यकीय पदवीची आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेली लागते. ती पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि प्रवेश नीटच्या गुणांवर. तीन वर्षांच्या ‘अ‍ॅनिमल सायन्स’ने त्या नोंदवहीत नाव जात नाही. मग नावापुढे कितीही ‘मॅनेजमेंट’ लावा.

आणि ‘गावात कोण बघतंय’ हे तर फारच धोक्याचं बोलणं. गावात सगळं बघतात. म्हैस दगावली की पहिला प्रश्न हाच येतो, इंजेक्शन कुणी दिलं? त्या दिवशी उंबऱ्यावर गर्दी जमेल ती एजंटाच्या नव्हे, आपल्या लेकीच्या.

आपल्या राज्यात पशुसंवर्धनाची पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांतून फिरतात. त्यांनाही कायद्याने फक्त किरकोळ स्वरूपाच्या सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. यावरून पदवीवाले आणि पदविकावाले यांच्यात कायम धुसफूस असते. डॉक्टर तालुक्याला, जनावर वाडीवर, मग गरीब माणूस जो हाताशी आहे त्यालाच बोलावणार, हे पदविकावाल्यांचं म्हणणं मला काही खोटं वाटत नाही. पण दोन्ही बाजू मान्य करतात की शिक्का कुणाचा चालतो याला कायदा आहे. एजंटाने विकायला काढलेल्या पदवीचं त्यात कुठेच नाव नाही.

बरं, खऱ्या डॉक्टरांची गरज आहे का? आहे तर. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन मोजलं गेलं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यभर गाईगुरांना धडाधड लस द्यावी लागली. खास लम्पीची लस हाताशी नव्हती म्हणून शेळ्यांच्या देवीची लस वापरली. त्या दिवसांत डॉक्टर येईपर्यंत गाईच्या अंगावरच्या गाठींना कडुनिंबाचा पाला लावत बसलेल्या बायका माझ्या माहेरी मी पाहिल्यात. २०२५ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. वर्ग एकची नोकरी, मूळ पगार ५६,१०० पासून. एकाच खात्यात एका वेळी एवढ्या जागा निघतात, याचा एक अर्थ असा की संधी मोठी आहे. दुसरा अर्थ, तोवर इतक्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तोवर तिकडची जनावरं कुणी बघितली, हे विचारायला नको.

तेव्हा ज्या मुलीला खरोखर डॉक्टरच व्हायचंय आणि गुण थोडक्यात हुकलेत, तिने एक वर्ष पुन्हा नीट दिली तर ते वर्ष वाया जातं असं मला नाही वाटत. परळखेरीज नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे जुनी सरकारी कॉलेजं आहेत, सगळी नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. तीन वर्षांत साडेचार लाख आणि वर हॉस्टेल मोजून ‘डॉक्टरच म्हणायचं’ घेण्यापेक्षा ते बरं.

पण हुकलेले गुण थोडके नसतील तर? माझ्या भाचीचे थोडके नव्हते. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे पोरीने म्हशीच धुवायच्या."

या वाक्याशी माझं भांडण आहे. आपण असं धरून चालतो की जनावरांच्या शास्त्रात डॉक्टर झालात तर मान, नाहीतर शेण. मधे काहीच नाही. याच समजुतीवर एजंट लोक धंदा करतात. खरं म्हणजे ‘अ‍ॅनिमल सायन्स’ हे शब्द खोटे नाहीत. आजारी जनावर बरं करणं हे एक काम झालं. जनावर आजारी पडू नये, नीट खावं, चांगली पिल्लं द्यावीत, दुधाला दर मिळावा, हे सगळं शास्त्र वेगळं आहे आणि ते मोठं आहे.

फलटणचं उदाहरण घ्या. तिथे निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांच्या पैदाशीवर वर्षानुवर्षं काम केलं. आपली दख्खनी मेंढी काटक, पण बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालकडची गरोळ मेंढी चणीने लहान, पण जुळी-तिळी देते. तो गुण त्यांनी जाणीवपूर्वक संकरातून दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. धनगराच्या कळपात एका वेतात एकाऐवजी दोन कोकरं, म्हणजे घरात किती फरक पडतो ते त्या घरच्या बाईला विचारावं. यात कुणी इंजेक्शनची पेटी घेऊन दारोदार फिरलं नाही. हे पैदासशास्त्र, आनुवंशिकता, नोंदी आणि धीर यांचं काम.

आणि ‘मॅनेजमेंट’ म्हणाल तर त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आमच्या परळचंच आहे. डॉ. अमृता पटेल याच मुंबईच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकल्या. मुली या वाटेला फारशा जात नव्हत्या तो काळ. देशातल्या पहिल्या स्त्री पशुवैद्य म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या सक्कूबाई रामचंद्रन मद्रासच्या कॉलेजातून १९५२ मध्ये पदवीधर झाल्या, त्याला जेमतेम तपभर झालेलं. अमृताबाई १९६५ मध्ये आणंदला अमूलमध्ये रुजू झाल्या, पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात गेल्या, आणि डॉ. कुरियन यांच्यानंतर १९९८ ते २०१४ अशी सोळा वर्षं त्या मंडळाच्या अध्यक्षा होत्या. २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आधी गाय कळली, मग गाईमागचा हिशेब हाती घेतला. क्रम लक्षात घ्या. एजंट आपल्याला उलटा क्रम विकतो. गाईला हात न लावता व्यवस्थापक!

ज्याला ही व्यवस्थापनाची वाट धरायची त्याच्यासाठी आणंदलाच १९७९ पासून ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे, ‘इर्मा’ म्हणतात तिला. २०२५ च्या कायद्याने ती आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली आहे. तिथे पदवीनंतर जाता येतं. दूधसंघ, सहकारी संस्था, पशुखाद्याचे कारखाने अशा ठिकाणी या शिक्षणाची माणसं लागतात.

औषधांच्या जगातही जनावरांचं शास्त्र लागतं हे मला परळनेच शिकवलं. आमच्याजवळच हाफकिन संस्था आहे, १८९९ पासूनची. सापाच्या विषावरची लस म्हणजे प्रतिविष कसं करतात माहीत आहे? घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार होतो, त्या रक्तापासून औषध. पुण्याच्या पूनावालांच्या घोडेपैदास केंद्रातले निवृत्त घोडे हाफकिनला दिले जायचे. त्यावरून ‘मग ही औषधं आपणच का करू नयेत’ असा विचार होऊन १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, ही गोष्ट त्या घराण्यानेच अनेकदा सांगितली आहे. करोनात आपल्यापैकी बहुतेकींच्या दंडात त्या कंपनीची लस गेली. म्हणजे तबेल्यापासून कुठवर पोचता येतं बघा. (हे मी आमच्या मंडळात सांगितलं तर एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला घोड्याचं रक्त दिलं?" तसं नाही हो काकू! करोनाची लस वेगळी.)

शहरात आणखी एक बाजार उभा राहिला आहे. आमच्याकडे गिरण्या पडल्या, तिथे टॉवर आले आणि टॉवरबरोबर कुत्री आली. चाळीत मोती सगळ्यांचा मिळून एक असायचा, उरलेल्या पोळीवर जगायचा. आता कुत्र्याला न्हाऊमाखू घालायला, केस कापायला, फिरवायला माणसं ठेवतात आणि त्याचे चांगले पैसे देतात. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी हे केस कापायचं काम शिकली, आज घरच्यांना तिचा आधार आहे. राणीच्या बागेत २०१६ मध्ये पेंग्विन आले तेव्हा त्यांच्या तब्येतीसाठी डॉक्टर आणि सांभाळणारी माणसं लागलीच की. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे एकापाठोपाठ आदेश आले. निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या. करणार कोण? शिकलेले हातच. तरी लहान गावातल्या मुलीने या बाजाराच्या भरवशावर कर्ज काढावं असं मी म्हणणार नाही. चिंचपोकळीचा टॉवर गुहागरला नाही.

गुहागरला काय आहे? तिथे गोठा आहे. गोठ्यातलं बहुतेक काम बाई करते. शेण काढणं, वैरण, धार, पाणी, व्यालेल्या गाईची उठाबस. डेअरीच्या पुस्तकावर नाव मात्र बऱ्याच घरांत बाप्याचं. पैसे त्याच्या खात्यात. आपण या कामाला काम म्हणत नाही, म्हणून त्याच्या शिक्षणालाही शिक्षण म्हणत नाही. आता हळूहळू बदलतंय. ‘उमेद’च्या बचतगटांतून गावोगाव पशुसखी तयार झाल्यात. त्या शेळ्यांना जंताचं औषध कधी द्यायचं, लसीकरण कधी, गोठा कसा कोरडा ठेवायचा हे घरोघर सांगतात. साताऱ्याकडे म्हसवडच्या माणदेशी संस्थेने बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण दिलं. सुरुवातीला गावात काय काय बोललं गेलं असेल ते मी तुम्हाला सांगायला नको! आज त्याच बायकांना लोक फोन करून बोलावतात. पशुसखीचं मानधन तुटपुंजं आहे, याबद्दल मात्र मी सरकारशी भांडायला केव्हाही तयार आहे. ज्ञान बाईचं असलं की त्याला ‘सेवा’ म्हणायचं आणि मोबदला चहापाण्यापुरता द्यायचा, ही जुनी खोड.

२०२५ मध्येच राज्य सरकारने पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा द्यायचं ठरवलं. कागदावरचा दर्जा गोठ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल, पण निर्णय चांगला आहे.

आता परत आमच्या पोरीकडे. परळच्या त्या मुलीने सुचवलेला प्रश्न मी बहिणीला दिला, वर माझे दोन जोडले. म्हटलं, आधी कौन्सिलचं विचार. मग विचार, तुमच्या कॉलेजला स्वतःचा गोठा आहे का, त्यात जनावरं किती. आणि तिसरं, मागच्या वर्षी पास झालेल्या चार मुलींचे फोन नंबर दे म्हणावं. संध्याकाळी तिचा फोन. कौन्सिलचं नाव काढल्यावर एजंट म्हणाला, "ती प्रोसेस चालू आहे." गोठ्याचं विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर दाखवतात." माझी बहीण साधी बाई, पण इथे तिला हसू आलं. म्हणाली, "ताई, कॉम्प्युटरवरची म्हैस लाथ मारते का गं?" चार नंबर काही त्याने दिले नाहीत.

मग आम्ही दोघींनी कागद घेऊन बसायचं ठरवलं, ती तिकडे, मी इकडे. पोरीने सीईटीही दिली होती, हे घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं. नीटच्या नादात तो निकाल कपाटात पडून होता. आणि घरापासून दोन-अडीच तासांवर रत्नागिरीला, शिरगावात, मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची पदवी. कोळंबीचे प्रकल्प, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने, सरकारचं मत्स्य खातं अशा वाटा पुढे निघतात. किंवा दापोलीलाच बी.एस्सी. कृषी करायचं आणि पुढे एम.एस्सी.ला पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र घ्यायचं. म्हणजे एजंट जे ‘अ‍ॅनिमल सायन्स’ म्हणत होता तेच, पण खऱ्या गोठ्यासकट आणि सरकारी फीमध्ये. उदगीरला आणि पुसदजवळ वरुडला दुग्धतंत्रज्ञानाची कॉलेजं आहेत, पण त्याला बारावीचं गणित लागतं आणि आमच्या बाईसाहेबांनी गणित कधीच सोडलंय.

मी भाचीला फोनवर विचारलं, "तुला काय वाटतं?" इतके दिवस सगळे तिच्याबद्दल बोलत होते, तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं, मीसुद्धा. ती म्हणाली, "मावशी, मासे मला नकोत. मासा आजारी पडला तर कळत पण नाही, तोंड कुठेय त्याचं. मला दापोली चालेल. पण नीट मी एकदा परत देणार. घरी अभ्यास करून. क्लास नको."

दोन्ही एकदम कसं जमणार, यावर सध्या त्यांच्या घरात चर्चा चालू आहे. मेव्हण्यांचं मत, एक काय ते धरावं. मला वाटतं, अठराव्या वर्षी एवढा हट्ट असायला हरकत नाही, दापोलीचं एक वर्ष काही गोठ्यावाचून जात नाही. बहिणीची काळजी वेगळीच. मला हळूच विचारत होती, "मग शेजारी विचारलं, तर काय शिकते सांगू गं?"

पाटल्या घरातच आहेत. पुढच्या मंगळवारी मायलेकी दोघी मुंबईला येतायत. भाचीला बैलघोडा बघायचंय. त्या मराठवाड्याच्या मुलीला मी निरोप दिलाय, दुपारी तिचं क्लिनिक संपलं की फाटकाशी भेटू म्हणून. डबा माझ्याकडून, तिघींचा नाही, चौघींचा.